बरगडी म्हटलं तरी कुठली?

जुलैची ४ तारीख, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, जवळ आली की कॅन्सस सिटीतल्या आमच्या नेहमीच्या दुकानात मांसाच्या फ्रीजसमोर गर्दी होते. नऊ वर्षांपूर्वी मी तिथे पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा समोर सहा तऱ्हेची पाकिटं होती आणि सहांवरही ‘रिब्ज’ लिहिलेलं होतं. एकीची हाडं बोटाएवढी, एकीची हातभर. एका पाकिटात तर हाडच नव्हतं.

मी त्यातलं सगळ्यात स्वस्त उचललं. शेजाऱ्याने सांगितलं होतं, कोळशावर झाकण लावून तीन तास. तीन तासांनी रंग असा काही आला की आधी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, मग चावायला घेतलं. पाहुणे सभ्य होते. चावता चावता त्यांनी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या, खूप वेळ मारल्या. शेजाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्याचे तीन तास बेबी बॅक नावाच्या मऊ बरगड्यांचे होते आणि मी आणल्या होत्या चिवट स्पेअर रिब्ज.

तेव्हापासून मी कृती नंतर वाचतो. आधी विचारतो, हे हाड जनावराच्या अंगावर होतं कुठे?

## चाप आणि सीना ठाऊक असेल तर निम्मं काम झालं

बरगडी पाठीच्या कण्यापाशी सुरू होते, पिंपाच्या कडीसारखी वळत खाली येते आणि छातीच्या हाडापाशी संपते. एकच हाड, पण वरचं टोक आणि खालचं टोक यांचं नशीब वेगळं. कण्याला लागून जो स्नायू असतो त्याला जन्मभर फारसं काम पडत नाही, म्हणून तो मऊ. खाली छातीकडे आलात की दर श्वासाला हलणारे, पुढच्या पायांचा भार पेलणारे स्नायू लागतात. तिथे मांस, चरबी, पांढरे चिवट पडदे आणि कुर्चा यांचे थरावर थर असतात.

आपल्या मटणाच्या दुकानात ही विभागणी रोज होते. पाठीकडचा तो चाप, छातीकडचा तो सीना. चाप तव्यावर परतूनही खाता येतो. सीना तव्यावर टाकला तर दात दुखतील, पण रस्स्यात त्याच्याइतकी चव दुसऱ्या कशाला नाही. डुकराला, गुराला, मेंढीला हाच हिशेब लागू पडतो. पाठीकडचं लवकर शिजतं आणि लवकर सुकतं. छातीकडचं उशिरा शिजतं, पण सहजी सुकत नाही. पाकिटावरची सगळी विलायती नावं याच दोन टोकांच्या मधली आहेत.

## डुकराच्या बरगड्या: नावं पाच, त्यातलं एक खोटं

बेबी बॅक म्हणजे कोवळ्या पिलाच्या बरगड्या असा पुष्कळांचा समज असतो. तसं काही नाही. पोर्क चॉपमधलं मधलं गोल मांस सोडवून घेतल्यावर कण्याकडचं जे हाड उरतं, ती बेबी बॅक. स्पेअर रिब्जपेक्षा आखूड, म्हणून ‘बेबी’. ती चांगली वळलेली असते, चरबी बेताची. एकमेकींना जोडलेल्या बरगड्यांच्या अख्ख्या पट्ट्याला तिकडे रॅक म्हणतात. बेबी बॅकच्या रॅकचं वजन साधारण किलोच्या आत-बाहेर. दोघांना एक पुरते, भूक सणकून लागली असेल तर एकालाच.

त्याच हाडाचा खालचा, पोटाकडचा भाग म्हणजे स्पेअर रिब्ज. लांब, चपट्या, चरबीदार. यांच्या खालच्या कडेला छातीचं हाड आणि कुर्चेचा एक वेडावाकडा काठ असतो. तो काठ छाटून पट्टा नीट चौकोनी केला की त्याला सेंट लुईस कट म्हणतात. माझ्या मते पहिल्यांदा करणाऱ्याने हाच घ्यावा. चपटा असल्यामुळे सगळीकडे सारखा शिजतो आणि आतली चरबी आपल्या बारीकसारीक चुका पोटात घालते.

छाटलेल्या त्या काठाचं काय होतं? त्याला रिब टिप्स म्हणतात, आणि शिकागोच्या दक्षिण भागात लोक त्यावर जीव टाकतात. तिथल्या जुन्या दुकानांत काचेच्या भिंती असलेल्या, माशांच्या टाकीसारख्या दिसणाऱ्या भट्टीत त्या शिजवतात आणि खाली ब्रेड नि बटाट्याचे काप घालून देतात. कुर्चा कुरकुरत खाणाऱ्या माणसाने तिथे जावं.

पाचवं नाव कंट्री स्टाइल रिब्ज. हे ते खोटं. ही मुळात बरगडी नव्हेच. खांद्यापाशी पाठीच्या मांसाचा जो शेवट येतो तिथलं मांस लांब पट्ट्यांत कापलेलं असतं. बिनहाडाचं पाकीट ते हेच. मांस म्हणून वाईट नाही, पण बरगडी समजून सहा तास धुरात ठेवाल तर फसाल.

पाकीट उचलताना दोन गोष्टी बघा. मांसातून हाडाचा पांढरा कडा वर डोकावत असेल तर कापणाऱ्याने वरचं मांस जास्त खरवडलंय. तो रॅक खाली ठेवा. दुसरं, मागच्या बारीक अक्षरांत मिठाच्या पाण्याचं प्रमाण लिहिलेलं असेल तर तुम्ही पाणी मांसाच्या भावाने घेताय, आणि घरी पुन्हा मीठ चोळलंत तर खारट होणार.

## बीफच्या बरगड्या: टेक्सासचं प्रकरण

गुराला बरगड्यांच्या १३ जोड्या. त्यातल्या सहाव्या, सातव्या आणि आठव्या बरगडीचा खालचा भाग म्हणजे प्लेट शॉर्ट रिब्ज. टेक्सासात यांना गमतीने डायनासोर रिब म्हणतात, आणि ताटात आली की नाव पटतं. वीतभराहून लांब हाड, त्यावर तीन बोटं जाड मांस. एका हाडावर दोघांचं जेवण होतं. टेलर गावातलं लुई म्युलर हे दुकान यासाठी नावाजलेलं आहे. टेक्सासच्या त्या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक खाटीक येऊन स्थायिक झाले, त्यांच्या दुकानांतून ही पद्धत वाढली. म्हणून तिथे अजून मांस तागडीवर तोलून, खाटकाच्या जाड कागदावर मिळतं. मसाला म्हणाल तर मीठ आणि जाडसर मिरपूड.

बीफच्या बॅक रिब्ज वेगळ्या. पाठीकडचं महागडं रिबआय मांस काढून घेतल्यावर ती हाडं उरतात, त्यामुळे मांस असतं ते हाडांच्या फटीत. दिसायला मोठ्या, खायला थोड्या. चव सुरेख, पण चार माणसांना जेवायला बोलावून यांच्या भरवशावर राहू नका.

शॉर्ट रिब्ज हाडाला आडव्या, अर्ध्या इंचाच्या पातळ पट्ट्यांत कापल्या की कोरियन लोकांची गाल्बी होते. तिची गोष्ट वेगळी, ती पुढे येईल. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे हा भाग आपल्याकडच्या वाचकाने प्रवासात उपयोगी पडेल एवढ्यासाठीच वाचावा.

## आणि मटण?

अमेरिकेतलं बार्बेक्यू म्हणजे डुक्कर आणि गुरं, असं मलाही वाटायचं. केंटकी राज्यातल्या ओवेन्सबरो गावाने तो समज मोडला. तिथे मटण होतं, आणि मटण म्हणजे मेंढी, तीही वय झालेली. लोकरीसाठी पाळलेली मेंढी म्हातारी झाली की तिचं मांस चिवट आणि उग्र होतं. हिकरीच्या लाकडावर तासन्‌तास ठेवल्याशिवाय खाता येत नाही. तिथल्या चर्चच्या उन्हाळी सहलींत ते पिढ्यान्‌पिढ्या शिजतंय. सोबत व्हिनेगर आणि वुस्टरशायर सॉसचं काळं पातळ कालवण असतं. तिथे त्याला डिप म्हणतात. पहिल्या घासाला मला ते विचित्र लागलं. तिसऱ्याला वाटी पुढे केली.

टेक्सासच्या ब्रेडी गावात तर १९७४ पासून बोकडाच्या बार्बेक्यूची स्पर्धा भरते. म्हणजे आपला बोकड या मांडवात अगदीच परका नाही. फक्त त्याची एक खोड लक्षात ठेवायची: बोकडाच्या मांसात आतवर विखुरलेली चरबी फार कमी असते. डुकराची बरगडी स्वतःच्या चरबीत न्हात शिजते, बोकडाची तशी नाही. तिला बाहेरून ओलावा द्यावा लागतो.

## चिवटपणा जातो कुठे?

इथे एकच शास्त्रीय शब्द लागेल: कोलॅजेन. स्नायूंना बांधून ठेवणारा हा दोरखंड. जास्त राबणाऱ्या स्नायूत तो जास्त आणि मजबूत. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला कोलॅजेन रबरासारखा लागतो. माझ्या पाहुण्यांनी चावला तो हाच. पण ओलावा, उष्णता आणि वेळ तिन्ही मिळाले की तो विरघळतो आणि त्याचं जिलेटिन होतं.

जिलेटिन तुम्ही पाहिलेलं आहे. रात्रीचा पायाचा रस्सा फ्रीजमध्ये ठेवला की सकाळी त्याची थलथलीत वडी पडते, ती जिलेटिनचीच. बोटं चिकटतात, ओठांना लुसलुशीत लागतं. बरगडीत हेच घडवायचं असतं, फक्त पातेल्याऐवजी मांसाच्या आतल्या आत.

अडचण अशी की मांसाचं पाणी ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच भराभर पिळून निघायला लागतं, आणि कोलॅजेन वितळण्याला खरा वेग येतो ७०-८० अंशांच्या पुढे. म्हणजे मधल्या टप्प्यात मांस कोरडंही होतं आणि चिवटही राहतं. माणसं नेमकी इथे घाबरून बरगडी उतरवतात. ‘जास्त शिजली, म्हणून कडक झाली,’ म्हणतात. खरं तर ती कमी शिजलेली असते. तिला ९० ते ९५ अंशांपर्यंत नेलं की वितळलेलं जिलेटिन आणि चरबी त्या कोरड्या धाग्यांना पुन्हा ओलसर करतात.

## मध्येच गाडी अडते ती का?

तापमापी खुपसून बसणाऱ्यांना छळणारा हा प्रश्न. मांस ६५-७० अंशांपर्यंत सुरळीत चढतं आणि मग तासभर, जाड बीफ असेल तर दोन-तीन तास, तिथेच बसून राहतं. कोळसा संपला असं वाटून माणूस आणखी कोळसा घालतो आणि सगळं बिघडवतो.

उत्तर तुमच्या स्वयंपाकघरातल्या माठात आहे. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, त्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते, आत पाणी गार. मांसही तसंच पाझरतं. भट्टी जितकी उष्णता देते तितकी ही वाफ काढून नेते, आणि काटा हलत नाही. पृष्ठभाग सुकला की काटा आपोआप पुढे सरकतो. ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोग करून हे दाखवलं, नाहीतर तोवर लोक याचं श्रेय चरबीला नाहीतर कोलॅजेनला देत होते. धीर नसेल तर मांस फॉइलमध्ये गच्च गुंडाळायचं. वाफ अडली की माठाचं काम बंद.

## एक रॅक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता हातातलं सांगतो. सेंट लुईस कटचा एक रॅक आणि झाकणाची साधी गोल कोळशाची ग्रिल.

रॅक पालथा घाला, हाडांची बाजू वर. तिथे चकचकीत पातळ पडदा दिसेल. हा वितळत नाही, चामड्यासारखा राहतो आणि मसाला मांसाला लागू देत नाही. मधल्या एखाद्या हाडावर बोथट सुरीचं टोक खाली सरकवून थोडा उचलायचा, मग कोरड्या कागदी रुमालाने घट्ट धरून ओढायचा. नुसत्या बोटांनी निसटतो. नशीब असेल तर अख्खा एका ओढीत निघतो, आणि त्यात जे समाधान आहे ते शेंगेचं साल न तुटता सोलण्यात आहे तसलंच.

मग मीठ. मीठ आधी एक-दोन तास चोळून ठेवलंत तर आत मुरतं. बाकीचा मसाला वरच राहतो, कितीही मुरवा. पॅप्रिका, मिरपूड, लसूण पावडर आणि ब्राऊन शुगर हे इथलं नेहमीचं मिश्रण. मी एकदा हौसेने आईचा गोडा मसाला चोळला होता. त्यातले तीळ आणि खोबरं चार तासांत करपून कडू झाले. दगडफुलाचा वास मात्र धुराशी इतका जुळला की आता मी तेवढंच वेगळं भाजून, कुटून घालतो.

कोळसा ग्रिलच्या एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूला खाली पाण्याचा ट्रे, वर मांस. मांसाखाली निखारा नसणं हीच इथली सगळी युक्ती. चरबी विस्तवावर पडली की भडका उडतो आणि काजळी मांसावर बसते. निखाऱ्यांवर राख धरली की मुठीएवढे लाकडाचे दोन तुकडे ठेवायचे. हिकरी, ओक, सफरचंद, काहीही चालेल, पण चीक असलेलं पाइन नको, आणि रंग दिलेलं किंवा प्लायवूड तर मुळीच नको. लाकूड पाण्यात भिजवू नका. ओल्या लाकडाच्या चुलीपुढे बसलेल्या कुणालाही तो डोळे चुरचुरणारा पांढरा धूर आठवत असेल. तोच धूर मांसाला कडू करतो. धूर विरळ, निळसर हवा, जवळजवळ न दिसणारा.

झाकणाखाली ११० ते १३५ अंश सेल्सिअस ठेवायचं. इथल्या डायलवर ते २२५ ते २७५ दिसतं, कारण हे लोक अजून फॅरनहाइटमध्ये मोजतात. खालच्या टोकाला धरलंत तर पाच-सहा तास, वरच्या टोकाला साडेतीन-चार. बेबी बॅकला यातला तास-दीड तास कमी. तुम्ही ३-२-१ हे आकडे ऐकले असतील: तीन तास धूर, दोन तास फॉइलमध्ये, एक तास उघडं. स्पेअर रिब्जसाठी ते ठीक आहे. बेबी बॅकला लावलंत तर मांसाचा लगदा होतो.

सॉस शेवटच्या वीस मिनिटांत. कॅन्सस सिटीचा सॉस टोमॅटो आणि काकवीसारख्या मोलॅसिसचा, गोडमिट्ट. आधी लावला तर साखर जळून काळी पडते. हे सॉसप्रकरण इथे अभिमानाचं आहे. १९०८ साली हेन्री पेरी नावाचा माणूस या शहरात धुरावलेलं मांस वर्तमानपत्राच्या कागदात बांधून विकायला लागला, तिथून या शहराची परंपरा मोजतात. गंमत अशी की त्याचा स्वतःचा सॉस झणझणीत होता म्हणतात. गोडवा मागाहून आला.

झालं की नाही हे घड्याळाला विचारू नका. चिमट्याने रॅक एका टोकापासून तिसऱ्या हाडापाशी धरून उचला. दुसरं टोक खाली लवतं. मांसावर भेगा पडल्या तर झालं. नुसतीच वाकली तर अजून अर्धा तास. हाडांची टोकंही तोवर बोटाच्या पेराच्या निम्मी उघडी पडलेली असतात.

## ‘कुकरला लावा की! पाच शिट्ट्या.’

हा आक्षेप मराठी घरातून येणारच, आणि तो फालतू नाही. कुकरच्या आत पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, कोलॅजेन झपाट्याने विरघळतो, अर्ध्या तासात मांस मऊ. मग वरून सॉस लावून ग्रिलवर भाजा. बऱ्याच हॉटेलांत असंच काहीतरी करतात.

तोटा असा की मांसातली चव पाण्यात उतरते. आपल्या रस्स्यात ते पाणी आपणच पितो, त्यामुळे काही वाया जात नाही. इथे पाणी फेकलंत तर निम्मी बरगडी फेकलीत. शिवाय धूर आणि कोरडी उष्णता यांनी पृष्ठभागावर जी गडद, किंचित कुरकुरीत साल धरते ती वाफेत धरत नाही. कुकर लावायचाच तर वाटीभर पाण्यात लावा आणि उरलेलं पाणी आटवून सॉसमध्ये घाला. कच्च्या पपईचं म्हणाल तर तिचा रस वरचा थर खातो, आत पोहोचत नाही. वर पीठ आणि आत दोरा, असं होतं.

## ‘हाडापासून गळून पडतं’ ही तारीफ की तक्रार?

हॉटेलच्या पाट्यांवर ही तारीफ असते. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांत परीक्षकांना उलटं शिकवतात: मांस गळून पडलं म्हणजे जास्त शिजलं. चावा घेतला की दातांची कमान मांसावर उमटली पाहिजे, तेवढाच घास सुटला पाहिजे, आणि उघडं पडलेलं हाड क्षणभरात सुकून पांढरं झालं पाहिजे. मी या बाजूचा आहे. पण माझी सासू नाही. तिला गळून पडणारंच हवं असतं, आणि तिच्या दातांचा विचार करता ती बरोबर आहे. तिच्यासाठी एक रॅक फॉइलमध्ये अर्धा तास जास्त.

## ‘आत गुलाबी दिसतंय. कच्चं आहे ना?’

धुरावलेल्या मांसाच्या कडेला गुलाबी पट्टा असतो. जळणाऱ्या लाकडाच्या धुरातले वायू मांसाच्या लाल रंगद्रव्याला पकडतात आणि कितीही शिजलं तरी तो रंग सुटत नाही. कच्चेपणाशी याचा संबंध नाही. चवीशीही नाही, स्पर्धांत तर याला गुण देऊ नयेत असंच सांगतात, कारण हा रंग मांस टिकवायच्या मिठाने खोटाही आणता येतो.

डुकराचं मांस म्हटलं की आपल्याकडे जंताची भीती असते. अख्ख्या तुकड्यासाठी अमेरिकी सरकारची मर्यादा २०११ पासून ६३ अंश आणि वर तीन मिनिटांची विश्रांती अशी आहे. आपली बरगडी ९० च्या पुढे गेलेली असते, तिच्यात जंत जिवंत राहायचा प्रश्नच नाही. आणि ‘डोक्यात जाणारा’ जंत? नीट न शिजवलेल्या डुकराच्या मांसातून पोटात पट्टकृमी होऊ शकतो हे खरं. मेंदूतला आजार मात्र त्याच्या अंड्यांमुळे होतो, आणि ती अंडी माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून, भाजीतून, न धुतलेल्या हातांतून येतात. आयुष्यात डुक्कर न खाल्लेल्यालाही तो होतो.

करपण्याबद्दलची काळजी मात्र रास्त आहे. काळं जळलेलं मांस आणि विस्तवावर पडलेल्या चरबीचा धूर यांत कर्करोगाशी संबंध असलेले पदार्थ तयार होतात. मांसाखाली निखारा ठेवू नका म्हटलं त्याचं हेही एक कारण. जळकी कड सरळ कापून टाका.

## मग मंद आच हाच एक मार्ग?

नाही. टेनेसीतल्या मेम्फिस शहरात १९४८ पासून रांदेव्हू नावाचं हॉटेल आहे. चार्ली व्हर्गोस या ग्रीक वंशाच्या माणसाने तळघरात कोळसा उतरवायच्या जुन्या घसरणीचा धुराड्यासारखा उपयोग करून ते सुरू केलं. तिथे बेबी बॅक थेट कोळशावर, भरपूर धगीवर, तास-सव्वा तासात भाजतात. व्हिनेगरचं पाणी शिंपडतात आणि वरून कोरडा मसाला. सॉस नाही. पाठीकडचं मऊ मांस निवडलंय म्हणूनच हे जमतं. प्लेट शॉर्ट रिबला तशी धग दिली तर चप्पल होईल.

आणि तीच शॉर्ट रिब पातळ आडवी कापली, सोया सॉस, साखर, लसूण आणि नाशपतीच्या रसात मुरवली की गाल्बी म्हणून तीन-चार मिनिटांत होते. कोलॅजेन वितळलेला नसतो. सुरीने त्याचे धागे इतके आखूड केलेले असतात की दातांना ते कळतच नाहीत.

## पुण्याच्या गच्चीवर

गेल्या डिसेंबरात दादाकडे गेलो होतो. पहिली अडचण खाटकाकडे. सीना सांगितला की त्याचा सुरा आपोआप खाली येतो.

‘तुकडे नका करू. अख्खा द्या, फक्त आतला पडदा काढून.’

‘अख्ख्याचं काय करणार साहेब? पातेल्यात मावायचा नाही.’

‘पातेल्यात नाही घालायचाय.’

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. दादाने खांदे उडवले.

दोन लोखंडी घमेली घेतली, जस्ताचा मुलामा नसलेली. मुलामा तापला की त्याचा धूर विषारी असतो. एकात एका कडेला लाकडी कोळसा, वर जाळी, त्यावर दुसरं घमेलं पालथं, कडेला बोटभर फट. लाकडाला आंबा किंवा पेरू उत्तम. वेडी बाभूळही चालते. टेक्सासात ज्या मेस्किटच्या लाकडाचं कौतुक करतात त्याची ती सख्खी बहीण, पण तिचा धूर जहाल, म्हणून एकच लहान तुकडा. हे सगळं उघड्या गच्चीवर. बंद बाल्कनीत किंवा स्वयंपाकघरात कोळसा पेटवू नका. त्याच्या वायूला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी जातो.

सीन्याला मीठ, आलं-लसूण, काश्मिरी मिरची आणि मोहरीचं तेल. दीड तास धुरात ठेवल्यावर चमचाभर तूप आणि अर्धी वाटी ताक घालून फॉइलमध्ये गुंडाळला, कारण बोकडाला ओलावा हवा. पुढचे दोन तास नुसतं बसायचं.

‘भाऊजी, कुकर लावू का?’ वहिनीने जिन्यातून तिसऱ्यांदा विचारलं.

‘नको वहिनी, होईल.’

तिने लावलाच. छाटून बाजूला ठेवलेले कुर्चेचे तुकडे, हळद, मीठ आणि एक कांदा घालून अळणी रस्सा केला, आणि अंधार पडता पडता तीन पेले घेऊन वर आली. सीना उघडायला अजून पाऊण तास होता. आम्ही घमेल्याभोवती खुर्च्या ओढून रस्सा प्यायलो.